सरासरी म्हणजे 'एक माणूस, एक मत' नव्हे

प्रेक्षक सिनेमांना 1 ते 10 गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावरच्या रेटिंगवरून वाद पेटला की एक फॉरवर्ड हमखास येतो: 'आयएमडीबी मतांची सरळ सरासरी दाखवत नाही, म्हणजे मतं दडपतं. एक माणूस, एक मत, साधी सरासरी, हाच न्याय. गर्दीची सरासरी अचूक असते, हे गाल्टनने बैलावर सिद्ध केलंय.'

आधी बैलाचं बघू. 1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात, बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, यावर लोकांनी सहा-सहा पेनी मोजून अंदाज लिहिले. त्यातले वाचता येण्याजोगे 787 कागद फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तपासले. 1907 मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात त्याने मांडला तो मध्यक, म्हणजे सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा: 1207 पौंड. वजन भरलं 1198. सरासरी त्याने मागाहून सांगितली, 1197. म्हणजे त्या दिवशी सरासरीच सरस ठरली, हे कबूल. पण गाल्टनचा आक्षेप वेगळाच होता. सरासरीत जो जितका अचाट आकडा लिहील, त्याची ओढ तितकी जास्त. 'एक माणूस, एक मत' खरंच हवं असेल, तर फॉरवर्डवाल्यांनी मध्यक मागायला हवा!

शिवाय बैल हलका ठरावा म्हणून तिथे कुणी पदरचे पैसे घालत नव्हतं. बक्षीस अचूक अंदाजाला होतं. सिनेमा न बघताच 1 किंवा 10 देऊन मोकळे होणारे मात्र ढिगाने आहेत.

'मतं दडपतात' म्हणाल, तर डायव्हिंगमध्ये सात पंचांपैकी दोन सर्वांत वरचे आणि दोन सर्वांत खालचे गुण सरळ बाद होतात. त्याला कुणी दडपशाही म्हणत नाही.

राहिला न्याय. 40 जणांनी 10 दिलेला सिनेमा, 5000 जणांनी सरासरी 8.6 दिलेल्या सिनेमाच्या वर बसवायचा? टॉप 250 यादीसाठी आयएमडीबीने जाहीर केलेलं सूत्र इथेच कामाला येतं: प्रत्येक सिनेमाच्या खात्यात आधीच काही 'सर्वसाधारण' मतं धरायची. समजा 7 ची 1000 मतं धरली, तर पहिला येतो 7.1 वर, दुसरा 8.3 वर. पहिल्याला आणखी मतं पडत गेली की तोही आपसूक चढेल.

एरवी सिनेमाच्या पानावर दिसणाऱ्या आकड्याची नेमकी कृती मात्र आयएमडीबी सांगत नाही. फेरफार होऊ नये म्हणून, असं कारण देतं. त्यावर भांडायचं असेल तर मीही येतो.