टिंबाखाली टिंब

१२.५ + ३.७५. एवढंसं दशांशाचं गणित, पण संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावर मांडलं की आठपर्यंत घरातली निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांशी बोलेनाशी होतात.

घडतं ते असं. मुलगी चौकटीच्या वहीत वर १२.५ लिहिते, खाली ३.७५, आणि उजवी कड झकास जुळवते. पाचाखाली पाच, दोनाखाली सात, एकाखाली तीन. पाच नि पाच दहा, हातचा एक. दोन नि सात नऊ नि एक दहा, पुन्हा हातचा एक. एक नि तीन चार नि एक पाच. उत्तर पाचशे! इतकं गुबगुबीत उत्तर आल्यावर त्याच्यावर शंका घेणं माणुसकीला धरून नाही. आता प्रश्न उरला फक्त टिंबाचा. वरच्या आकड्यासारखं दिलं तर ५०.०, खालच्यासारखं दिलं तर ५.००. शेवटी मुलगी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. खरं उत्तर १६.२५. बारा नि तीन पंधरा एवढं आधी तोंडी केलं असतं, तर पाच आणि पन्नास हे दोघेही दारातूनच परत गेले असते.

यात मुलीचा दोष नाही, उजव्या कडेचा आहे. पूर्ण संख्येत सगळ्यांत उजवीकडचा अंक म्हणजे एकक, त्यामुळे कड जुळवली की एककाखाली एकक आपोआप बसतो. पहिलीपासून हाताला हीच सवय. दशांशात मात्र उजवीकडचा शेवटचा अंक दशांश असेल, शतांश असेल, काहीही असेल. म्हणून आधी टिंबाखाली टिंब, मग आजूबाजूला आकडे, आणि मोकळ्या राहिलेल्या चौकटीत शून्य: १२.५०. इथे माझं एक आडमुठं मत आहे. टिंबाला स्वतंत्र चौकट देऊ नये. ते दोन चौकटींमधल्या रेषेवर, तळाशी. वरच्या आकड्यात टिंबाला चौकट दिली आणि खालच्यात द्यायची विसरली की सगळे रकाने एक घर सरकतात आणि आपण परत पाचशेवर येतो.

वजाबाकीत शून्य न लिहिण्याची शिक्षा लगेच मिळते. ५ मधून ०.३७ वजा करायचे. वर नुसता ५, खाली ३ नि ७ लटकलेले. मुलं काय करतात? वर काही नाही ना, मग खालचे तसेच उतरवा: ५.३७. वजाबाकी करून संख्या वाढली, आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाही. ५.०० लिहिलं की उसनं घेणं भाग पडतं आणि ४.६३ येतात.

मग लहानमोठेपणा. ०.७ मोठा की ०.१५? पाच-सहा मुलांना विचारा, एखादं तरी छातीठोकपणे ०.१५ सांगेल, कारण सातापेक्षा पंधरा मोठे. ही चूक कानातून शिरते. आपणच ‘पॉइंट पंधरा’ म्हणतो. ‘पॉइंट एक पाच’ म्हणावं, किंवा पुस्तकातल्यासारखं शून्य पूर्णांक पंधरा शतांश. तरीही पटत नसेल तर मुलाला पुण्याच्या महात्मा फुले मंडईत न्यावं. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा टिंबापुढे तीन घरं दाखवतो. ०.७ म्हणजे ०.७००, सातशे ग्रॅम, ०.१५ म्हणजे ०.१५०, दीडशे ग्रॅम. १.५ किलो आणि १.०५ किलो यांत साडेचारशे ग्रॅम भेंडीचा फरक आहे, हे समजावायला भाजीवाल्या मावशींना फळा लागत नाही.

घरात आजोबा असतील तर त्यांना पाऊणकी, सवायकी, दीडकी (पाऊण, सव्वा नि दीडचे पाढे) येत असते. पाच पाऊणे किती विचारा, ते वर न बघता ‘पावणेचार’ म्हणतील. उत्तर अचूक असतं, घोटाळा पुढे होतो. सव्वाचार ४.२५, साडेचार ४.५, म्हणून नातू पावणेचार ४.७५ लिहून मोकळा होतो. तो ३.७५. शिवाय आजोबांची पिढी आण्यांत वाढलेली, रुपयाचे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि एक आणा सव्वासहा नये पैशांचा ठरला. पाव पैशाचं नाणं नव्हतं, त्यामुळे पूर्णांकात बसवण्याचं भांडण त्या दिवसापासून चालू आहे.

गुणाकार खरं तर सोपा. टिंबं विसरा, गुणा, दोन्ही आकड्यांत टिंबापुढे मिळून किती अंक होते ते मोजा आणि उत्तरात तेवढे सोडून टिंब द्या. ०.४ × ०.३ = ०.१२. गुणून संख्या घटली म्हणून मुलं हबकतात. चार दशांशाचे तीन दशांश भागच घेतले, वाढणार कुठून? खरा खड्डा २.५ × ०.४ मध्ये आहे. पंचवीस चोक शंभर. मग टापटिपीची हौस म्हणून शेवटची शून्यं आधीच खोडली, नंतर दोन घरं मोजली, उत्तर ०.०१. शून्यं खोडायची ती टिंब दिल्यावर: १.००, म्हणजे एक. भागाकारात ७.२ ÷ ०.०८ असेल तर दोन्हीकडे टिंब दोन घरं उजवीकडे, ७२० ÷ ८, नव्वद. फक्त भाजकाचं सरकवून भाज्य तसंच ठेवणारे लोक मोठे होऊन सोसायटीचे खजिनदार होतात.

गहुंज्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की नवा गोंधळ. धावफलकावर ४.३ षटकं दिसतात. हे टिंब दशांशाचं नाहीच. चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. ४५ धावा झाल्या असतील तर धावगती बरोबर १०, ४.३ ने भागाल तर साधारण १०.४७ येईल आणि बाबा टीव्हीला खोटं ठरवतील. घड्याळातले १.३० तास म्हणजे १.५ तास, तीच गोष्ट.

टक्केवारी इथवर आलेल्या घराची वाट बघत असते. तिथे टिंबाचा त्रास कमी, त्रास ‘कशाचे?’ या एका प्रश्नाचा, जो कुणी विचारत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला घ्या. मसाला एकूण खर्चाच्या ७५ टक्के, कोंबडीच्या ३०० टक्के, आणि कोंबडी मसाल्याच्या ३३.३३ टक्के. तिन्ही उत्तरं बरोबर. पेपरात ‘कशाचे’ वाचलं नाही तर तिन्ही चूक.

लक्ष्मी रोडवर ‘५० टक्के + २० टक्के सूट’ अशी पाटी लागते. आपलं मन म्हणतं सत्तर. हजाराच्या साडीचे आधी पाचशे होतात, मग वीस टक्के त्या पाचशेचे निघतात, शंभर. द्यायचे चारशे; सूट साठ टक्के. भाव २० टक्क्यांनी चढून २० टक्क्यांनीच उतरला तर १०० चे १२० होऊन ९६ उरतात, कारण उतरताना टक्के १२० चे मोजले. गावाकडे ‘दोन टक्क्यांनी पैसे उचलले’ म्हणतात ते दोन टक्के दर महिन्याचे असतात, वर्षाचे चोवीस. आणि १८ टक्के जीएसटी धरून ११८ रुपये किंमत असेल तर कर काढायला ११८ चे १८ टक्के करू नका, ते २१.२४ येतात. ११८ ला १.१८ ने भागा, मूळ किंमत शंभर, कर अठरा.

तोंडी हिशेबाला दोन युक्त्या पुरतात. ४५० चे १८ टक्के हवेत? दहा टक्के म्हणजे टिंब एक घर डावीकडे, ४५. वीस टक्के ९०. त्यातून दोन टक्क्यांचे ९ वजा, ८१. आणि आकडे अवघड वाटले तर अदलाबदल करा: २५ चे ३६ टक्के म्हणजेच ३६ चे २५ टक्के, नऊ.

एवढं शिकलेलं मूल घेऊन मात्र जपून जेवायला जावं. ३४७ रुपयांच्या जेवणावर पाच टक्के जीएसटी म्हणजे १७.३५. बिलात तो अडीच टक्के केंद्राचा, अडीच टक्के राज्याचा असा फोडलेला असतो. प्रत्येकी ८.६७५, दोन घरांत बसवून ८.६८, दोन्ही मिळून १७.३६. एक पैसा जास्त! खाली ‘राउंड ऑफ’ म्हणून ०.३६ वजा होऊन ३६४ रुपयेच द्यायचे असतात, म्हणजे पस्तीस पैशांचा निव्वळ फायदा. पण टेबल पुणेकरांचं असल्यामुळे त्या एका पैशासाठी मॅनेजरला बोलावलं जातं.