पहिलं लेणं बघायला निघालात? अजिंठा राहू दे थोडा

पाऊस ओसरला की ओळखीपाळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. "लेणी बघायचीत, पोरांनाही दाखवायचीत, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, अजिंठा-वेरूळ आत्ता नको. कार्लेसुद्धा नको. जिथं तिकीटखिडकी नाही, गाइड नाही, चहाची टपरीसुद्धा डोंगराच्या खाली राहते, अशा एखाद्या आडबाजूच्या लेण्यात आधी जा आणि आपलं आपण बघा. यावर बहुतेक जण "हो का, बरं" म्हणतात आणि गुपचूप संभाजीनगरचं हॉटेल बुक करतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तरच लिहावं.

अजिंठ्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण नवख्या माणसाला तिथं काय मिळतं ते आठवून बघा. बस, रांग, चपला काढा, चपला घाला, आत अंधुक दिवे, डोळे त्या उजेडाला सरावेपर्यंत मागचे ढकलायला लागतात. गाइड असेल तर तो बॅटरी मारून "कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतोय" हे दाखवणार. पाचव्या-सहाव्या लेण्यापर्यंत माणूस दमतो आणि पुढची लेणी बघायची म्हणून बघतो. शिवाय तिथली बरीच लेणी पाचव्या शतकातली, म्हणजे ही कला पार मुरल्यानंतरची. डोंगर कोरण्याचं हे खूळ सह्याद्रीत कसं सुरू झालं, त्याची गणितं काय होती, हे तिथल्या वैभवाखाली झाकून जातं. ते उघडं दिसतं ते मावळात, कोकणात, जुन्नरच्या आसपास.

तर पहिलं लेणं बेडसे. कामशेतला पुणे-लोणावळा लोकलमधून उतरायचं, पवनानगरच्या रस्त्यानं बेडसे गाठायचं, पायथ्यापासून साधारण ४०० पायऱ्या. गुडघे फारच कुरकुरत नसतील तर साठीतला माणूसही थांबत थांबत चढतो. लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळीच पोचा. वर गेल्यावर आधी निराशाच होते, कारण समोर काही दिसतच नाही. कारागिरांनी पुढचा कातळ तसाच सोडलाय आणि त्यात एक अरुंद बोळ ठेवलाय. त्या बोळातून आत शिरलं की मान आपोआप वर जाते. सुमारे २५ फुटी खांब, तळाशी घट, वर अष्टकोनी दांडा, त्यावर उलट्या कमळासारखी घंटा आणि सगळ्यात वर हत्ती, घोडे, बैल यांच्यावर बसलेली जोडपी. बायकांच्या पायातले तोडे बघा, केवढे जाड! दोन हजार वर्षांचा काळ लोटलाय आणि कातळात ते अजून ठसठशीत आहेत. बोळामुळे दर्शनी भाग पावसापासून किती वाचला असेल, हे तिथं उभं राहिल्यावर कुणी न सांगता कळतं.

आत चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंची प्रार्थनेची जागा, अगदी साधं. अष्टकोनी खांबांच्या दोन ओळी, टोकाला स्तूप. छताकडे बॅटरी धरा. लाकडी फासळ्या बसवायच्या जागा दिसतील, लाकूड गेलंय. (भाजे आणि कार्ल्याला मूळ लाकूड अजून आहे, ते पुढच्या वेळी बघा.) अखंड दगडात कोरलेल्या खोलीला लाकडी फासळ्यांचा आधार कशाला लागेल? लागत नाहीच. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इमारत होती ती लाकडाची, त्यामुळे दगडातही त्यांनी लाकूडकामच केलं. ही एक गोष्ट बेडशाला डोक्यात बसली की पुढं प्रत्येक लेण्यात खोटी तुळई, खोटा कठडा, खोटी खिडकी दिसायला लागते. शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, तोही बघण्यासारखा. विहार म्हटला की चौकोनी दालन आणि भोवती खोल्या, पण इथं दालनाची मागची बाजू गोलाकार आणि छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं आहे.

आता बेडशातली माझी सगळ्यात आवडती जागा. चैत्यगृहाच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दाराच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचं हे दान, एवढाच मजकूर. नाशिकचा शेठजी मावळातल्या डोंगरात पैसे घालतोय! शेवटचा शब्द आहे 'दानं'. सांचीच्या स्तूपावरच्या लेखांत शेवटी तीच तीच अक्षरं येतात, तर तो शब्द 'दानं' असणार, असा तर्क जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं केला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. तेव्हा तुम्हीही प्रिन्सेपच्याच वाटेनं जा. 'न' अगदी सोपा, आडव्या रेघेच्या मधोमधून वर जाणारी एक उभी रेघ. घरून निघताना ब्राह्मी अक्षरांचा तक्ता मोबाइलमध्ये घेऊन ठेवा आणि बॅटरी समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. पुसट अक्षरांच्या कडांवर सावली पडते आणि ती दिसायला लागतात. दहावीतल्या पोरांना मी हे करताना बघितलंय. तासभर त्यांनी मोबाइल चाळला तो फक्त त्या तक्त्यासाठी.

गाइड नको म्हणते ते यासाठी. गाइड आला की तो बोलतो आणि आपण ऐकतो. कुणी नसलं की आपणच शोधाशोध करतो. शोधायच्या गोष्टी तशा फार नाहीत. खोलीच्या चौकटीत खाली-वर भोकं असतात, तिथं लाकडी दार फिरायचं. आत दगडी बाक, भिक्षूची झोपायची जागा, त्यावर आडवं होऊन बघा, उंची पुरते का ते. बाहेर पाण्याचं टाकं. लेण्यांची जागा ठरवताना पाणी ही मोठी बाब होती, कारण लेणी मुळात पावसाळ्यात भिक्षूंना एका जागी राहता यावं म्हणून. टाक्यात पाणी कुठून येतं ते बघत वर गेलात तर कातळात कोरलेली पन्हळ सापडते. बेडशातल्याच एका टाक्यावर लेख आहे, ते दान दिलंय महाभोजाची मुलगी महारठिणी सामडिनिका हिनं (महाभोज, महारठी हे तेव्हाच्या बड्या सरदारांचे किताब). शाळेच्या पुस्तकात या बाईचं नाव मला कधी भेटलं नाही.

बेडशानंतर कुठं? गाडीतून उतरून फारसं चालायचं नसेल तर महाडजवळची गांधारपाले, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेलाच. हजारो गाड्या रोज या लेण्यांच्या पायथ्यावरून जातात, थांबते एखादी. त्याहून मला प्रिय कुडा. रायगड जिल्ह्यात, मांदाडच्या खाडीच्या काठावरची २६ लेणी, समोर पाणी आणि झाडी. तिथले दाते वाचण्यासारखे आहेत. एक माळी, एका वैद्याच्या घरचे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. कऱ्हाडचा माणूस खाडीपर्यंत लोखंड घेऊन का आला असेल, याचं उत्तर खाडी बघितल्यावर पोरंसुद्धा देतात. जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत, तिथलं चैत्यगृह गोल आहे, स्तूपाभोवती बारा खांबांचं कडं. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी, कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी, आधी बौद्ध, नंतर नाथपंथी. एकाच डोंगराच्या ओळीत पंथ कसा बदलत गेला ते तिथं चालत चालत बघता येतं.

थोडे पाय चालवायची तयारी असेल तर कोंढाणे, राजमाचीच्या पोटात, कर्जतच्या बाजूनं कोंदिवडे गावातून वर. दर्शनी भागाच्या डाव्या हाताला एका मोठ्या भग्न मूर्तीचं मस्तक उरलंय, त्याच्याजवळ लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. इतरत्र बहुतेक दिसतात ती पैसे देणाऱ्यांची नावं. इथं 'केलं' म्हणणारा भेटतो.

आता "एकटंदुकटं जायचं म्हणजे धोका नाही का?" या प्रश्नाकडे येते. धोका आहे, पण लोक घाबरतात तो नाही. बिबट्या, भूत, नाग हे डोक्यात असतं. खरी भीती मधमाश्यांची. लेण्यांच्या कमानींवर आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि ती चवताळली की लपायला जागा नसते. अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका, धूर करू नका, सिगारेट नको, आरडाओरडा नको, फटाके तर नकोच नको (हे लिहावं लागतंय, यातच सगळं आलं). वर मोहोळ जागं दिसलं, माश्या घोंघावत असल्या, तर आल्या पावली परत. लेणं दोन हजार वर्षं थांबलंय, पुढच्या महिन्यापर्यंतही थांबेल.

दुसरा धोका पावसाचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोंढाण्याचे फोटो फार सुंदर येतात, कपाळावरून धबधबा कोसळत असतो. त्याच पाण्याबरोबर वरून दगडही येतात, आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलाही भारीतला बूट टिकत नाही. ओढा जाताना घोट्याला असतो, येताना कमरेला. नवख्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी जावं, इतकं साधं आहे. बाकी माणशी एक बॅटरी आणि वर एक जास्तीची, मोबाइलचा दिवा त्यात धरायचा नाही. पाणी भरपूर. टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. वटवाघळं असलेल्या बंद खोलीत पोरांना शिरू देऊ नका. कुठं चाललो आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी सांगून निघा, कारण रेंज पायथ्यालाच जाते.

यावर लोक म्हणतात, मग ट्रेकवाल्या ग्रुपबरोबरच जातो की. जा, पण मला तो प्रकार पटत नाही. एका दिवसात तीन लेणी, मध्ये मिसळ, शिट्टी वाजली की निघायचं. चाळीस जण एका चैत्यगृहात शिरले की तिथला आवाज ऐकण्यासारखा असतो, म्हणजे ऐकवत नाही. चार-पाच जणांनी जावं. डबा घेऊन जावं आणि लेण्याच्या बाहेर बसून खावा.

आमच्यातलेच काही जाणकार मात्र दुसऱ्या टोकाला आहेत. फोटो टाकतात आणि खाली "लोकेशन विचारू नये". त्यांचा राग समजतो. बदाम आणि त्यात दोन नावं मीही भिंतींवर बघितलीत, तीसुद्धा नेमकी लेखाच्या शेजारी. पण नाव लपवून लेणं वाचत नाही. जिथं कुणी येत नाही तिथंच दारूच्या बाटल्या जास्त सापडतात. चार शहाणी माणसं अधूनमधून येत राहिली, पायथ्याच्या गावात चहा प्यायली, तर गावाचंही लक्ष राहतं. आणि संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे, स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर. बदाम काढणाऱ्याला हे मोठ्यानं सांगायला हरकत नाही.

गावकरी भेटले की "पांडवांनी एका रात्रीत कोरली" हे सांगणारच. आपल्यातले अर्धवट शिकलेले लगेच त्यांना इतिहास शिकवायला बसतात. कशाला? त्यापेक्षा विचारा, उन्हाळ्यात कुठल्या टाक्याला पाणी राहतं, मोहोळ सध्या कुठं आहे, वरची वाट चालू आहे का. ही माहिती पुस्तकात नाही आणि ती त्यांच्याइतकी कुणाकडे नाही.

ठाणाळ्यापर्यंत पोचलात, म्हणजे पालीजवळची नाडसूरची २३ लेणी, तर मात्र माझा वरचा सगळा आग्रह बाजूला ठेवा. तिथं जंगलातून ओढे ओलांडत जायचंय, वाटा फुटतात आणि गुरांच्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. गावातला माणूस बरोबर घ्या, पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. वाट त्याची, लेणं तुमचं. तो बाहेर झाडाखाली बसेल, तुम्ही आत हवं तेवढं रेंगाळा. उन्हं कलली की तोच हाक मारतो.