जुन्या रेडिओत 'रेड मर्क्युरी' नसतं, आणि तो माळ्यावरून काढून थेट प्लगला लावायचा नसतो

"घरात १९८० पूर्वीचा व्हॉल्व्हवाला रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका, आत रेड मर्क्युरी आहे, कोटीत भाव आहे" असा मेसेज फिरतोय. (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या रेडिओत असायच्या त्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या.) खाली ओळखायच्या खुणा, चालू करून बघायची पद्धत, साफसफाईचा उपाय आणि शेवटी एका 'पार्टी'चा नंबर. इतके दिवस वाचून सोडून देत होतो, पण आता तो सांगलीच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं फोन करून विचारलं की आजोबांचा मर्फी रेडिओ माळ्यावरून काढलाय, मेसेजात लिहिलंय तसा प्लग लावून बघू का? म्हणून हे लिहितोय.

पहिलं, रेड मर्क्युरी. असा पदार्थच नाहीये. अणुबॉम्बला लागणारं काहीतरी गुप्त रसायन म्हणून ही अफवा शीतयुद्धाच्या शेवटाला उठली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं असं काही अस्तित्वात नाही हे स्पष्ट सांगितलेलं आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा जुन्या सिंगर शिलाई मशीनबद्दल पसरली होती, लोकांनी मशीनच्या सुईला मोबाइल लावून लाइन कट होते का ते बघितलं आणि साध्या मशीनला वाट्टेल तो भाव दिला. आपल्याकडच्या मेसेजात मशीनच्या जागी रेडिओ आलाय, मोबाइलची 'टेस्ट' तशीच आहे, वर लसूण जवळ नेला की लांब पळतं आणि आरशात दिसत नाही हेही जोडलंय. आरशात न दिसणारी वस्तू असते हे आपली शिकलेली माणसं पुढे पाठवतायत याचा मला खरंच त्रास होतो.

व्हॉल्व्हच्या काचेला आतून जी चंदेरी चकाकी दिसते ना, ती बेरियमची असते. आत उरलेली हवा शोषून घ्यायला ती मुद्दाम ठेवलेली असते. ती पांढरी पडली असेल तर काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. वीज न लावता कळणारी एवढी चांगली खूण आहे आणि लोक त्यालाच पारा समजून व्हॉल्व्ह फोडतायत.

हां, पारा असलेले व्हॉल्व्ह होते, हे कबूल करावं लागतं. ट्रान्समीटरसारख्या मोठ्या यंत्रांतल्या काही रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणारे व्हॉल्व्ह, ८६६ वगैरे) पाऱ्याची वाफ असायची. पण तो साधा चंदेरी पारा, चालू असताना निळा उजेड देणारा, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या फिलिप्स-मर्फी-बुशमध्ये त्याचं काही काम नव्हतं. तसा व्हॉल्व्ह सापडलाच तर तो अजिबात फोडू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

आता ज्या ओळीमुळे मला झोप लागली नाही ती: "प्लग लावून बघा, वाजला तर किंमत दुप्पट." हे कृपा करून कुणीही करू नका. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या सेटमधले कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे भाग) आतून खराब झालेले असतात. फिल्टरचा मोठा कंडेन्सर शॉर्ट असेल तर रेक्टिफायर जातो, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसाच ट्रान्सफॉर्मर आज मिळत नाही, वाइंडिंग करून घ्यावं लागतं. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधीचा छोटा कागदी कंडेन्सर लीक असेल तर आणखी फसवं, रेडिओ दहा-पंधरा मिनिटं छान वाजतो आणि तेवढ्या वेळात तो व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढून तापत राहतो. म्हणजे वाजला म्हणून बरा, असं नसतं.

आणि हे झालं रेडिओचं नुकसान. माणसाचं सांगतो. बरेच सेट एसी/डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे असायचे, कारण तेव्हा काही शहरांत डीसी पुरवठा होता. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, भिंतीतली एक वायर सरळ चासीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीवर २३० व्होल्ट. नॉब तुटून नुसता दांडा उरला असेल तर स्टेशन लावायला हात लावणाराच चिकटेल. वरून त्या काळची रबरी वायर आता हात लावला तरी भुगा होते.

म्हणून आधी सेट ओळखा. मागचा पुठ्ठा बघा, त्यावर मॉडेल नंबर आणि एसी की एसी/डीसी हे छापलेलं असतं. फिलिप्सच्या नंबराच्या शेवटी ए असेल तर एसी, यू असेल तर एसी/डीसी, बी असेल तर बॅटरी. पुठ्ठा हरवला असेल तर व्हॉल्व्हची अक्षरं वाचा: यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ असे 'यू'वाले दिसले की चासी लाइव्ह असू शकते असंच धरा. 'ई'वाले बहुतेक ट्रान्सफॉर्मरवर चालतात, पण ट्रान्सफॉर्मर खरंच आहे का ते डोळ्यांनी बघा आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर ११० वर तर नाही ना तेही बघा. मॉडेल कळलं की रेडिओम्युझियमच्या वेबसाइटवर शोधा, हजारो सेटची माहिती आहे, बऱ्याच वेळा सर्किटसुद्धा सापडतं, आणि कारागिराला सर्किट दिलं की अर्धं काम झालं.

चालू करायचं ते कंडेन्सर आणि मेन वायर बदलल्यावर, तेही सिरीज बल्ब लावून, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या एका वायरमध्येच बल्ब जोडून. ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालणार नाही. बल्ब पूर्ण उजेडानं पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. लक्षात ठेवा, सिरीज बल्ब सेट वाचवतो, शॉकपासून तुम्हाला वाचवत नाही. एसी/डीसी सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला भिंतीतल्या लाइनपासून वेगळं ठेवणारा) हवाच. आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तो स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही, रेझिस्टर लावून उतरवायचा आणि मग मीटरनं तपासायचा. ज्याला हे करता येत नाही त्यानं मागचा पुठ्ठा उघडूच नये.

मेसेजातला थिनरनं पुसायचा सल्लाही वाईट. कॅबिनेटचं पॉलिश जातं. डायलच्या काचेला आतून पाणीसुद्धा लावू नका, स्टेशनांची नावं निघून येतात.

किमतीचं म्हणाल तर जुन्या रेडिओला शौकीन गिऱ्हाईक असतं हे खरंय, पण हिशोब हजारांत, आणि तो कॅबिनेट, काच, नॉब मूळचे आहेत का यावर. 'टेस्टिंग'चे पैसे आधी मागणाऱ्या पार्टीला एक रुपया देऊ नका. रेडिओ ठेवायला तेव्हा लागायचं ते, पोस्टातून काढलेलं जुनं लायसन्स बुक घरात कुठं असेल तर शोधा, अनेकदा त्यावर सेटचा मेक आणि नंबर असतो, आणि दुरुस्तीत काढलेले जुने भागही कारागिराकडून परत मागून घ्या.