कंस खाणारं सॉफ्टवेअर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ, शास्त्रीय नाव: ओटोमॉप्स रॉटनी (थॉमस, १९१३). नाव देणाऱ्या थॉमसनं ते निक्टिनोमस वंशात नोंदवलं, पुढे वंश बदलला, म्हणून त्याचं नाव-साल कंसात. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं कलम ५१.३. एवढंच की! पण प्रजातींची यादी चढवली की नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर कंस ‘साफ’ करतं. वर लाल खूण: वंश बदलणाऱ्याचं नाव भरा. अहो, ती सक्ती वनस्पतींच्या नावांत, प्राण्यांच्या नाही!

मग त्याला व्याकरणातलं लिंग जुळवायची हौस. प्रजातीचं नाव विशेषण असेल तर वंशनामाच्या लिंगाप्रमाणे त्याचा शेवट बदलतो. ‘रॉटनी’ म्हणजे ‘रॉटनचं’, षष्ठीतलं नाम, ते हलत नाही. यंत्राला शब्दांची शेपटं तेवढी दिसतात.

‘मूळ वंश’ असा एक रकाना द्या. आत्ताच्या वंशाशी जुळला नाही, की घाला कंस. पण नाही, दर अपडेटला बटणांचे रंग मात्र नवे!