पाहुणे येईपर्यंत आमच्या लेकरांनी उन्हात का उभं राहायचं?

सामने सकाळी ८ वाजता म्हणून पत्रिकेत छापायचं, लेकरांना साडेसातला मैदानावर बोलवायचं आणि उद्घाटनाचा नारळ फुटायला पावणेबारा वाजवायचे. हे कधी बंद होणार आहे? कुणी विचारतच नाही म्हणून मी विचारते.

परवाच्या रविवारी धाराशिवला चौदा वर्षांखालच्या मुलींचे खो-खोचे सामने होते. साडेसातला हजर व्हायचं तर कळंब तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावातून अंधारातच निघावं लागतं. पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधली, धाकट्याला जावेकडं ठेवलं. शेतात हरभऱ्याची काढणी चालू आहे. यांनी ती सासऱ्यांच्या गळ्यात घातली आणि आमच्याबरोबर आले, कारण लेकीला आपल्या बापाला खेळ दाखवायचा होता. आठवड्यातून एक रविवार मिळतो. तो अख्खा दिवस आम्ही त्या मैदानाला दिला, आणि आनंदानं दिला.

तिथं गेल्यावर काय? फक्कीच्या रेषा मारलेल्या, खांब रोवलेले, पंच शिट्टी गळ्यात घालून बसलेले. सगळे संघ तयार. पण सामना सुरू नाही, कारण साहेब निघालेत. नऊ वाजता साहेब वाटेत आहेत. दहा वाजता साहेब एका लग्नाला थांबलेत. लेकरांना संघवार रांगेत उभं केलं, पाहुणे आले की संचलन करायचं म्हणून. फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडं दहानंतरचं ऊन काय असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मांडव होता, पण तो व्यासपीठावर. सोफ्यांवर सावली, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरी उघड्यावर. एका पोरीला चक्कर आली तेव्हा तिला मांडवात आणून बसवायलाही आयोजकांशी भांडावं लागलं.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी बोलते. त्या मैदानावर मुलींसाठी संडास-बाथरूम नव्हतं. एक होतं, त्याला कुलूप. चावी कुणाकडं, कुणाला माहीत नाही. म्हणून आमच्या पोरी पाणीच पीत नव्हत्या. बाटली भरलेली तशीच. माझी लेक म्हणाली, "आई, पाणी प्यायले तर जायचं कुठं?" ज्या खेळात सगळं पळण्यावर आहे, त्या खेळाला पोर सकाळपासून कोरड्या घशानं उभी आहे. संतापानं अंगाची लाही होते माझ्या. ज्यांच्या पोरी पाळीच्या वयात आल्यात त्या आयांनी काय करायचं? आम्ही साड्यांचा आडोसा धरला. जिल्ह्याच्या ठिकाणी!

मग साहेब आले. हार, शाली, स्मृतिचिन्हं, एकेकाचा सत्कार. त्यांचं भाषण, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांची भाषणं. भाषणात सारिका काळे यांचं नाव आलंच. आपल्या धाराशिवची पोर, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, तेही सांगितलं. ही नावं घेताना टाळ्या घेता, मग तोच खेळ खेळायला आलेली पोर समोर उन्हात घामाघूम उभी आहे, ती दिसत नाही का तुम्हाला?

या वयोगटात ७-७ मिनिटांच्या चार पाळ्या असतात, दोन पाळ्यांचा एक डाव. म्हणजे सगळा मिळून २८ मिनिटांचा खेळ, विश्रांती धरूनही तासाच्या आत संपणारा. तेवढ्यासाठी वर्षभर पोरी सकाळ-संध्याकाळ सराव करतात, सूर मारून गुडघे सोलून घेतात. आणि शेवटी आयोजक काय म्हणाले? वेळ कमी आहे, एकच डाव खेळवू. भाषण एकाचंही कमी केलं नाही, कमी केला तो पोरींचा खेळ. माझी लेक दुसऱ्या डावात पळणार होती. तिला मैदानात उतरायलाच मिळालं नाही. तिचा बाप मजूर लावून, काढणी सोडून आला होता, आणि त्यानं तिला पळताना पाहिलं नाही. परतताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, धपाट्याला हातही लावला नाही.

प्रशिक्षक सरांना मी दोष देत नाही. ते बिचारे स्वतःच्या खिशातून पोरींना केळी आणतात. पण आवाज चढवला तर पुढच्या स्पर्धेत आपला संघ अडचणीत येईल, या भीतीनं तेही गप्प आणि आम्ही पालकही गप्प. परवा तिथं एवढे आईबाप होते, सगळे आतल्या आत धुमसत होते.

मी आता गप्प बसणार नाही. पुढच्या स्पर्धेला जायच्या आधी आयोजकांना फोन करून विचारणार आहे: मुलींचं बाथरूम उघडं असेल का, आणि पाहुणे आले नाहीत तर सामना वेळेवर सुरू होईल का? सत्कार करायचे असतील तर संध्याकाळी बक्षीस वाटपाला करा. पाहुण्यांना उशीर झाला तर थांबू द्या त्यांनाच, मांडवात सावली आहे. सकाळी ८ ची वेळ छापलीत, तर ८ ला शिट्टी वाजवा.