थंडी वाजते ती मला

हिवाळा सुरू झाला की भेटेल त्या माणसाला आमच्या घोड्याची काळजी लागते. "एवढ्या गारठ्यात त्याचं कसं होत असेल हो?" असं विचारतात, तेसुद्धा मला. मी समोर उभा असतो. कानटोपी, त्यावर मफलर, एकावर एक दोन स्वेटर, नाकाला धार. माझं कसं होत असेल हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही.

घोड्याचं नाव सद्गुण. ज्यांनी ठेवलं त्यांनी घोडा पाहिलेला नसावा.

तर सद्गुणला थंडी वाजत नाही. हे मी वैतागून म्हणत नाहीये, घोड्याची घडणच तशी आहे. त्याच्या अंगावर दाट केस येतात ते थंडी पडली म्हणून नव्हे, दिवस लहान व्हायला लागले म्हणून. आपण पंखा लावून झोपत असतो तेव्हाच याची हिवाळ्याची तयारी सुरू झालेली असते. पुढे गारठा वाढला की ते केस ताठ उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही. केस कोरडे असले आणि वारा नसला, तर पारा शून्याखाली उतरला तरी निरोगी घोडा मजेत उभा असतो. मी तबेल्याच्या खिडक्या बंद करायला गेलो की वस्ताद ओरडतात, "उघड्या राहू द्या! कोंडलेल्या हवेत मुताचा वास साठतो, छाती धरते त्याची." माझी छाती कधीच धरलेली आहे, पण ती त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

शिवाय आतली व्यवस्था वेगळीच. घोड्याने खाल्लेलं गवत मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून कडाक्याच्या रात्री चंदी, म्हणजे दाणा, वाढवायची नसते, वाळलं गवत वाढवायचं असतं. 500 किलोच्या घोड्याला एरवीही दिवसाला आठ-दहा किलो गवत लागतंच. पहाटे अंधारात पेंढ्या ओढताना मला नेहमी वाटतं, आपण एका चालत्या शेगडीत सरपण सारतोय आणि शेकायची सोय मात्र आपल्यासाठी नाही.

खरी गोम पाण्यात आहे. गार पाणी घोडा कमी पितो. वर दिवसभर कोरडं गवत चाललेलं. मग आतडं तुंबतं, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे आत गेलेलं तोंडावाटे परत येण्याची सोय नाही. हा शूळ घोड्याचा जीवही घेतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी. दिवसाकाठी पंचवीस-तीस लिटर तरी पोटात जायला हवं. बादल्या मी वाहतो. निम्मं पाणी वाटेत माझ्या बुटात जातं. उरलेलं घेऊन पोचलो की सद्गुण आधी हुंगतो, मग ओठांनी पाण्याच्या पृष्ठभागाशी खेळतो, मग नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून घट घट पितो. त्याचे कान घोटागणिक मागेपुढे होतात. इतकं गोड दिसतं ते, की मी वाकून बघतो. नेमकं तेव्हाच तो तोंड वर काढतो आणि लाळमिश्रित कोमट पाणी माझ्या कॉलरमधून थेट पाठीवर. पाठीपर्यंत पोचता पोचता ते कोमट राहत नाही.

मग खरारा. दाट केसांतली धूळ घोड्याच्या अंगावरून निघते ती माझ्या तोंडात बसते. खूर साफ करायला पाय उचलला की बाकीच्या तीन पायांवर तोल सांभाळण्याऐवजी हा विश्वासाने माझ्यावर रेलतो. लगामाची लोखंडी कडी गारठलेली तशीच तोंडात सारायची नसते, आधी हातात धरून ऊब द्यायची. माझ्या हातांत ऊब असती तर प्रश्नच नव्हता. कडी मी काखेत धरतो. त्या पहिल्या क्षणाला जो आवाज माझ्या तोंडून निघतो त्याने शेजारच्या ठाणावरची घोडी दचकते.

थंडीतला घोडा शिकवायला घेणं हा वेगळा अध्याय आहे. उन्हाळ्यात चार वेळा हाकलावं लागणारं हेच जनावर आता स्प्रिंग लावल्यासारखं नाचतं. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवून स्नायू मोकळे करायचे, मग दुडकी चाल. या पंधरा-वीस मिनिटांत सद्गुण शत्रू शोधतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा सोडला तर त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. एवढं दिसत असून सद्गुणला दिसते फक्त लीद वाहायची ढकलगाडी. ती रोज तिथेच असते. जाताना तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारा हा, येताना तिला पाहून आडवा उडतो.

"तुम्ही ताठलात, म्हणून तो ताठला," वस्ताद खिशातून हात न काढता सांगतात. "टाच खाली, खांदे सैल, मोकळा श्वास सोडा."

मी मोकळा श्वास सोडतो. त्याची वाफ होते. सद्गुण वाफेला बुजतो.

घाम आला की नवा उद्योग. या दाट केसांत मुरलेला घाम तासन्‌तास वाळत नाही आणि ओल्या केसांत हवा धरत नाही, म्हणजे निसर्गाने दिलेलं सगळं पांघरूण फुकट. त्यामुळे त्याची छाती कोरडी होईपर्यंत चालवायचं, गवताच्या चुंबळीने चोळायचं. झूल घातली तर तीही ओली झाली की बदलायची. माझा घाम आपोआप गार होतो, त्याला कुणी चोळत नाही. हे सगळं करून मोकळा सोडला की साहेब मैदानातला एकमेव चिखल हुडकतात आणि चारी पाय वर करून लोळतात. उठतात, अंग झाडतात आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे बघतात.

पण हिवाळ्यात मी रागावत नाही, कारण माझं सगळं लक्ष लिदीकडे असतं. गोळे ओलसर हवेत, जमिनीवर पडताच फुटले पाहिजेत. बारीक, कडक, कोरडे दिसले की डॉक्टरांना फोन. ते म्हणतात, "फोटो पाठवा." पाठवतो. उजेड चांगला नसेल तर पुन्हा काढतो, जवळून.

परवा घरी पाहुणे आले होते. काकू म्हणाल्या, "तुझ्या घोड्याचा फोटो दाखव ना!" मी कौतुकाने मोबाईल हातात दिला. सद्गुण, आयाळ वाऱ्यावर, मान उंच. "अगंबाई, काय रुबाबदार!" म्हणत त्यांनी पुढचा फोटो बघायला बोट सरकवलं. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा. बायकोने न बोलता त्यांच्यासमोरची भज्यांची बशी उचलून आत नेली.