हॉलो नाइट नवख्यांसाठी नाही, हे तुणतुणं आता बंद करा

हॉलो नाइट म्हणजे किड्यांच्या जगात वाट शोधत, उड्या मारत, लढत जायचा गेम. ‘असले गेम कधी खेळलेलो नाही, हॉलो नाइट घेऊ का?’ एवढा साधा प्रश्न. त्यावर उत्तरं दोनच, ठरलेली. एक, ‘नको, झेपणार नाही.’ दुसरं, ‘घे आणि मर, मरून मरूनच शिकशील.’ दोन्ही ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते, कारण विचारणाऱ्याच्या उपयोगाचं एक अक्षर दोन्हीत नसतं. आणि हे सांगणारे गेम तीन-तीनदा संपवून बसलेले असतात! नव्या माणसाचं घोडं कुठे अडतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. तरीही सांगायचं नाही. आपण सोसलं, मग त्यानेही सोसावं, एवढाच त्यांचा हिशेब.

नवख्या माणसाला हॉलो नाइट झेपतो. मजाही येते, भरपूर येते. ॲडलेडच्या टीम चेरीने २०१७ साली काढलेला हा गेम आजही नवे लोक घेतात, पण त्यातले किती तरी जण बॉसपर्यंत, म्हणजे मोठ्या शत्रूपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळून उठतात. त्यांना बॉस मारत नाही. त्यांना मारतो नकाशा, बुडालेले जिओ (गेममधले पैसे) आणि चुकीच्या वेळी दाबलेलं हिलचं, म्हणजे जीव भरून घ्यायचं बटण. तिन्ही गोष्टी कुणीतरी पाच मिनिटांत सांगू शकतं. गेम विकणाऱ्या स्टीमवर रिफंड मिळतो तो खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. आणि नवख्याच्या पहिल्या दोन तासांत बहुतेकदा हातात ना डॅश (झटक्यात पुढे झेप) असतो, ना भिंतीला धरून चढणं. म्हणजे गेमचा खरा रंग दिसायच्या आधीच निर्णय घ्यायची वेळ येते. आणि नेमकं तेव्हाच हे लोक ‘मरून शिक’ म्हणतात.

आधी नकाशाचं बघू, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच गळतात. डर्टमाउथच्या विहिरीतून खाली फरगॉटन क्रॉसरोड्समध्ये उतरलात की तुमच्याकडे नकाशा नसतो. अजिबात नसतो. तो कॉर्निफर नावाच्या किड्याकडून विकत घ्यायचा, आणि तो कुठेतरी आत बसलेला असतो. जमिनीवर कागद पडलेले दिसले आणि गुणगुणण्याचा आवाज आला की तो जवळ आहे असं समजायचं. हेडफोन नसेल किंवा आवाज बंद ठेवून खेळत असाल, तर अर्धी खूण तिथेच गेली. हे कुणी सांगतं का? नाही!

बरं, नकाशा मिळाला तरी काम संपत नाही. त्यावर ‘तुम्ही इथे आहात’ असं काही दिसत नाही. त्यासाठी डर्टमाउथला परत जाऊन कॉर्निफरच्या बायकोच्या, इझेल्डाच्या दुकानातून वेवर्ड कंपास घ्यायचा, २२० जिओ. तो चार्म, म्हणजे अंगावर लावायचा ताईत आहे, एक नॉच (चार्म लावायची जागा) खातो, आणि बेंचवर, म्हणजे विसाव्याच्या बाकावर बसूनच लावता येतो. शिवाय क्विल घ्यायची, १२० जिओ. क्विल नसेल तर तुम्ही कितीही फिरा, नकाशात नव्या खोल्या भरल्या जात नाहीत. असेल तरी त्या लगेच उमटत नाहीत, बेंचवर बसल्यावरच उमटतात. म्हणजे एकूण ३४० जिओ. सुरुवातीला एवढे जमवायला क्रॉसरोड्समधले बरेच किडे मारावे लागतात, पण बाकी काहीही घ्यायच्या आधी ही दोन घ्यायची. सुरुवातीला नॉच तीनच असतात, त्यामुळे ‘कंपाससाठी नॉच कशाला वाया घालवतोस?’ असं शहाणपण शिकवणारेही भेटतात. अहो, ज्याला उजवं-डावं कळत नाही त्याच्यासाठी तो नॉच सोन्याचा आहे. तुम्हाला क्रॉसरोड्स पाठ आहे म्हणून तुम्हाला तो नको असतो!

मग येतात जिओ. मेलात की जवळचे सगळे जिओ तुमच्या सावलीकडे, म्हणजे शेडकडे राहतात, आणि मेलात त्याच भागात ती तुमची वाट बघत थांबते. त्यावर आणखी म्हणजे सोलचं, म्हणजे शत्रूला मारून मिळणाऱ्या शक्तीचं भांडंही तडकतं. ९९ च्या ठिकाणी ६६ च सोल साठतो, शेडला हरवेपर्यंत. तिच्यापर्यंत पोचायच्या आत पुन्हा मेलात की जुनी शेड गेली, जिओ गेले, कायमचे. इथे नवखा माणूस करतो ते अगदी स्वाभाविक आहे. रागाच्या भरात धावत सुटतो, वाटेतल्या किड्यांना अंगावर घेतो आणि अर्ध्यातच मरतो. त्याला फक्त दोन गोष्टी सांगा. बॉससारखं काही पुढे दिसत असेल तर आधी मागे जाऊन जिओ खर्च करून ये. हातात चाळीस जिओ असताना मेलास तर काहीही बिघडत नाही. आणि शेडकडे परत जाताना वाटेत लढू नकोस, टाळत जा. पुढे डर्टमाउथमध्येच जिजी भेटते. तिचं दार सिंपल की नावाच्या किल्लीने उघडतं, आणि एक रॅन्सिड एग (सडकं अंडं) दिलं की ती शेडला तिथेच बोलावते. ही सोय गेममध्ये आहे! मग ती नवख्यापासून लपवून ठेवण्यात कसला पुरुषार्थ?

स्लायच्या दुकानातल्या ल्युमाफ्लाय लँटर्नचीही तीच कथा. किंमत १८०० जिओ. नवखा माणूस ते साठवत बसतो, अंगावर हजार-बाराशे घेऊन फिरतो आणि एका खड्ड्यात सगळे घालवतो. क्रिस्टल पीकमध्ये शिरायची अंधारी वाट लँटर्नने सोपी होते हे खरं, पण सोल मास्टर या बॉसला हरवून जमीन फोडणारी डेझोलेट डाइव्ह मिळवली की दुसरी वाट उघडते. लँटर्नसाठी जीव टाकायची गरजच नाही. उलट सिटी ऑफ टिअर्समध्ये पोचल्यावर नेलस्मिथ या लोहाराला २५० जिओ दिले की नेलचा, म्हणजे तुमच्या तलवारीचा मार ५ वरून ९ होतो. जवळजवळ दुप्पट! त्यासाठी पेल ओर हे खनिजही लागत नाही, तो पुढच्या सुधारणेपासून लागतो. नवख्यासाठी या गेममधले सगळ्यात चांगले खर्च झालेले २५० जिओ हेच. तरी लोक पहिल्याच सल्ल्यात लँटर्न सांगतात आणि नेलस्मिथचं नावही घेत नाहीत. डोकं फिरणार नाही तर काय होणार?

आता हिल. यातली आकडेमोड कुणी धड मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. नेलच्या एका फटक्याला ११ सोल मिळतो. एक मास्क, म्हणजे जिवाचा एक भाग, भरायला ३३ लागतो. म्हणजे तीन फटके, एक मास्क. तोच ३३ सोल व्हेंजफुल स्पिरिटसाठीही लागतो, आणि ते स्पेल (मंत्र) १५ मार देतं, म्हणजे सुरुवातीच्या नेलच्या तीन फटक्यांइतका. त्यामुळे प्रत्येक ३३ सोलला प्रश्न तोच असतो: मास्क भरू की मारू? बटण दाबून धरल्यावर मास्क भरायला एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात मार बसला तर सोलही गेला आणि मास्कही. नवखा माणूस घाबरून मार खाल्ल्याक्षणी हिल करायला जातो, तिथेच दुसरा मार खातो, आणि ‘हा गेम अन्याय करतो’ म्हणतो. त्याला वेळ कुठे मिळते ते दाखवा ना.

फॉल्स नाइट या सुरुवातीच्या बॉसचंच घ्या. गदा आपटली की जमिनीवरून लाट सरकत येते, तिच्यावरून उडी मारायची. चिलखत फुटून तो कोसळला की आतला किडा डोकं बाहेर काढून पडून राहतो. सगळे त्या वेळात सपासप वार करायला सांगतात. पण मास्क एक-दोनच उरले असतील तर आधी हिल करा, मग वार करा, वेळ पुरतो. हॉर्नेट ही बॉस ग्रीनपाथ या भागात पहिल्यांदा भेटते. ती हवेत थांबून स्वतःभोवती धाग्यांचं वर्तुळ फिरवते, तेव्हा तिच्यापासून लांब उभं राहिलं की एक मास्क हमखास भरून घेता येतो. ही एक गोष्ट कळली की ती लढाई दुसरीच वाटते. हे सांगायला कितीसा वेळ लागतो? ‘गिट गुड’ (‘आधी नीट खेळायला शीक’) टाइप करायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त, बस.

आणखी एक गोष्ट, जी अनुभवी खेळाडूंच्या हाताला इतकी सवयीची झालेली असते की त्यांना ती दिसतच नाही. वार लागला की तुम्ही थोडे मागे ढकलले जाता. कड्याच्या टोकावर उभं राहून मारलं की मागच्या काट्यांत पडता. काटे एक मास्क घेतात आणि मागच्या सुरक्षित जागी परत ठेवतात. हे पाच-सहा वेळा झालं की माणसाला वाटतं आपल्याला प्लॅटफॉर्मिंग येत नाही. येतं हो! कड्यापासून एक पाऊल आत उभं राहायचं, किंवा चार्म विकणाऱ्या सालुब्राकडून १२० जिओला स्टेडी बॉडी घ्यायची, मागे ढकलणं बंद. आणि उडीचं बटण जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण प्रत्येक वेळी पूर्ण उंच उडून वरच्या किड्यावर डोकं आपटत राहतात.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांना तर ‘आधी कंट्रोलर घे’ म्हणून उडवून लावतात. आपल्याकडे बरेच लोक लॅपटॉपवर खेळतात, लगेच कुठून आणणार कंट्रोलर? कीबोर्डवर हा गेम नीट खेळता येतो. बाणांच्या कळा, झेडने उडी, एक्सने वार, सीने डॅश, एने हिल आणि स्पेल. आवडलं नाही तर सगळं बदलता येतं. अडचण येते ती काही स्वस्त कीबोर्डांवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही तेव्हा. वर बघत उडी मारून वार केला आणि वार झालाच नाही, असं वारंवार झालं तर दोष बोटांचा नाही, कळांची जागा बदलून बघा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. ब्लूटूथ इअरफोन आवाज उशिरा देतात, तेव्हा वायरचा लावा.

आणि ती ‘आधी ओरी खेळ, तो सोपा आहे’ ही टेप! ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट हा गेम दिसायला गोड आहे म्हणून त्याला सोपा म्हणायचं? जिन्सो ट्रीमध्ये पाणी खालून चढत येतं आणि पळावं लागतं, त्या पळापळीत मध्ये सेव्ह करता येत नाही. एक उडी चुकली की पुन्हा तळापासून. लढाईत कच्चा असलेल्याला तिकडे पाठवणं ठीक, पण ज्याची बोटं उड्यांत अडखळतात त्याला तिकडे पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. विचारणाऱ्याला निदान एवढं तरी विचारा की अडतं कुठे, लढाईत, उड्यांत की वाट शोधण्यात?

एकीकडे अडलात तर ते सोडून दुसरीकडे जा, हाही सल्ला कुणी धड देत नाही. हा गेम रस्ते अनेक देतो. व्हेंजफुल स्पिरिट मिळाल्यावर वाट अडवणाऱ्या बाल्डरला उडवून ग्रीनपाथ, तिथे हॉर्नेटनंतर मॉथविंग क्लोक, म्हणजे डॅश, मग फंगल वेस्ट्स आणि मँटिस व्हिलेजमधला मँटिस क्लॉ. भिंतीला धरून चढता यायला लागलं की खरा हॉलो नाइट सुरू होतो. नवख्याला एकच ध्येय द्या: क्लॉपर्यंत पोच. तिथून पुढे तो स्वतःच खेळेल, कुणाच्या सांगण्याची गरज उरणार नाही. तिथल्या मँटिस लॉर्ड्स या बॉसना हात लावायची घाई नको. त्यांच्या पलीकडे डीपनेस्टची वाट उघडते, आणि तिथला अंधार नव्या माणसाला खचवतो. पण त्याच वेळी दुसरं टोक म्हणजे पन्नास पायऱ्यांचं गाइड हातात देणारे. तेही तितकेच नडतात. कुठला मास्क शार्ड (मास्कचा तुकडा) कुठल्या भिंतीमागे हे आधीच वाचून खेळलं, तर शोधण्यासाठी बनवलेल्या गेममध्ये शोधायला उरलं काय? व्यवस्था सांगा, ठिकाणं सांगू नका!

सिल्कसाँग, म्हणजे हॉलो नाइटचा पुढचा गेम, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आल्यापासून हा ताप वाढलाय. नव्या माणसाला सरळ तिकडे ढकलतात, कारण चर्चा त्याचीच आहे. गोष्ट स्वतंत्र आहे हे खरं, पण तिथे बरेच लवकर एका फटक्यात दोन मास्क घेणारे शत्रू भेटतात, खालचा वार तिरका जातो, आणि हिल एकदम तीन मास्कचं पण त्यासाठी रेशमाचा मोठा साठा लागतो. मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या सुरुवातीच्या दोन बॉसना तर टीम चेरीने स्वतः पहिल्याच पॅचमध्ये थोडं सौम्य केलं. बनवणाऱ्यांना जे पटलं ते यांना पटत नाही!

आणि खरंच ज्याला हॉलो नाइट नको सांगायचा, त्याला मात्र हे लोक कधी नीट सांगत नाहीत. या गेममध्ये सोपा-अवघड असा पर्यायच नाही. कुणाचे हात दुखतात, कुणाची नजर कमजोर आहे, कुणाला दिवसाला अर्धाच तास मिळतो आणि त्यातला निम्मा बेंचपासून बॉसपर्यंत परत चालण्यात जातो. अशा माणसाला प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन सांगा. २०२४ चा, युबिसॉफ्ट माँपेलिएचा. त्यात शत्रूंचा मार आणि बाकी बरंच कमी-जास्त करता येतं. गाइडेड मोड लावला की पुढचा रस्ता नकाशावर दिसतो. अडलेल्या जागेचा फोटो काढून तो नकाशावरच चिकटवता येतो, म्हणजे नवी शक्ती मिळाल्यावर नेमकं कुठे परत यायचं ते विसरायला होत नाही.